शस्त्रवैद्याला सवड कोण देणार?

मोठं दुखणं आलं की चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचं, ही गोव्यातल्या कितीतरी घरांची जुनी सवय. निपाणीकडची मराठी माणसंही तिथेच येतात. सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतो आहे, पण दुखणं भाषा विचारून येत नाही.

बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय केएलई संस्थेनं 1963 साली काढलं. त्याच वर्षी आपल्या पणजीच्या 1842 मधल्या 'एस्कोला मेदिको'चं गोवा मेडिकल कॉलेज झालं. त्यामुळे मला ही दोन भावंडंच वाटतात.

यातल्या बेळगावच्या भावंडानं एक मोठं काम केलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, ते टोचायला शिकलेला हातही लागतो. खेड्यात दोन्हींची वानवा. म्हणून 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या 1620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली. गोळी देणाऱ्या होत्या गावच्या आरोग्यसेविका. नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत 12 टक्के जणींना जादा रक्तस्राव झाला, खरी गोळी मिळालेल्यांत 6.4 टक्के. 2006 साली 'लॅन्सेट'नं हे छापलं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

हे जमलं, कारण अमेरिकेतून पैसा आला आणि नोंदी ठेवणं हेच काही माणसांचं काम ठरलं.

शिकाऊ सर्जनचं काय? एम.एस.ची तीन वर्षं वॉर्ड, ऑपरेशन आणि रात्रपाळीत जातात. प्रबंध सक्तीचा, पण त्यासाठी वेगळी सवड नाही. मग तो उरकला जातो आणि कपाटात पडतो. टोरांटोत 1980 च्या दशकापासून शिकाऊ सर्जनांना पगार देऊन संशोधनासाठी मोकळं सोडतात.

हा धडा आपल्याकडचाच आहे. सर्जन-मेजर रोनाल्ड रॉसला 1897 साली सिकंदराबादेत डासात मलेरियाचा जंतू सापडला, आणि सरकारनं त्याची बदली राजपुतान्यात केली. 1898 मध्ये कलकत्त्याला खास संशोधनासाठी नेमला, तेव्हाच पुढचं कोडं सुटलं. 1902 चं नोबेल त्यालाच मिळालं.

बेळगाव असो वा बांबोळी, दरसाल दोन-चार शिकाऊ सर्जनांना वर्षभराचा पगार देऊन ड्युटीतून सोडवा. खर्च फार नाही. नाहीतर आपल्या रोग्यांचे प्रश्न परक्यांनी निवडायचे आणि आपण उत्तरांची वाट बघत बसायचं!