नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय? कर्जाचे हप्ते असे सांभाळा

नोकरीत होतो तेव्हा माझा एकही हप्ता चुकला नव्हता. पगार १ तारखेला, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ५ तारखेला. डोकं लावायची गरजच नव्हती. मग नोकरी सोडून छोट्या व्यावसायिकांसाठी अ‍ॅप बनवायला लागलो. तिसऱ्याच महिन्यात एका क्लायंटचं ४५ हजारांचं बिल लांबलं, ५ तारखेला खात्यात १,८०० रुपये कमी पडले आणि हप्ता बाउन्स झाला. दोन आठवड्यांनी बिलाचे पैसे आले, पण तोपर्यंत बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचा दंड मिळून हजाराच्या वर भुर्दंड बसला होता.

गंमत बघा, दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये पेमेंट फेल झालं तर काय करायचं याचा कोड मी रोज लिहितो. स्वतःच्या खात्याचं मात्र काही माहीत नव्हतं. त्या महिन्यात एक गोष्ट कळली: हप्त्याची तारीख ठरलेली असते, कमाईची नसते. खरी अडचण तिथेच येते.

हप्ता आपोआप कसा कापला जातो?

कर्ज घेताना आपण एका मँडेटला परवानगी देतो. ते बहुतेक वेळा एनपीसीआयच्या 'नॅच' यंत्रणेतून चालतं. ठरलेल्या तारखेला कर्ज देणारी संस्था आपल्या बँकेकडे मागणी पाठवते. पूर्ण रक्कम नसेल तर मागणी परत जाते, १०० रुपये कमी असले तरी. नंतर पुन्हा मागणी आली आणि तीही परत गेली, तर परत दंड लागू शकतो.

लक्षात ठेवा, मँडेट रद्द केलं म्हणून कर्ज रद्द होत नाही. खात्यात पैसे नसल्याने मँडेट परत गेलं, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखी कारवाईही होऊ शकते.

आधी यादी करा

फोनमधल्या शीटमध्ये प्रत्येक कर्जासमोर पाच गोष्टी लिहा: बाकी रक्कम, व्याजदर, हप्ता, तारीख, कोणत्या खात्यातून जातो. नेट बँकिंगमधला मँडेटचा विभाग आणि यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपे, दोन्ही तपासा. मला तिथे बंद करायची राहिलेली दोन सबस्क्रिप्शन सापडली!

क्रेडिट रिपोर्टही काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. मी दर तीन महिन्यांनी एकीकडून घेतो. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

दोन खाती ठेवा

क्लायंटचे पैसे एका खात्यात, हप्ते दुसऱ्या खात्यातून. बिलाचे पैसे आले की आधी पुढच्या हप्त्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची, मग बाकीचा खर्च. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, म्हणजे चहा-नाश्त्यात पैसे जाणार नाहीत. तीन हप्त्यांइतकी रक्कम कायम तिथे राहील असं बघा. मला ती जमवायला सात महिने लागले.

तारीख बदलून मिळते का, हेही विचारा. क्रेडिट कार्डचं बिलिंग सायकल किमान एकदा बदलायची सोय द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

कोणतं कर्ज आधी फेडायचं?

सगळ्यांचा किमान हप्ता भरा. वर जे उरेल ते सगळ्यात महाग कर्जात टाका. समजा कार्डवर ६० हजार बाकी आहेत आणि व्याज महिना ३.५%. महिन्याचं व्याज २,१००, त्यावर १८% जीएसटी ३७८. 'मिनिमम ड्यू' ३,००० भरलं तर मूळ रक्कम फक्त ५२२ रुपयांनी कमी होते. शिवाय नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

आता हातात ४० हजार आले तर? कार्डात भरले तर महिन्याला १,४०० रुपये व्याज वाचतं. १०.५% च्या शैक्षणिक कर्जात भरले तर ३५०.

बिलाचे पैसे वेळेवर यावेत म्हणून

काम सुरू करायच्या आधी काही रक्कम आगाऊ घ्या आणि पैसे किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या. 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. मी आता बिलाखाली उद्यम क्रमांक टाकतो.

झटपट कर्जाच्या अ‍ॅपआधी थांबा

हप्ता भरायला नवं कर्ज घेणं म्हणजे भोक बुजवायला दुसरं भोक पाडणं. तरी घ्यायचंच असेल तर हे बघा:

- मागे कोणती बँक किंवा एनबीएफसी आहे, ते स्पष्ट लिहिलंय का?
- 'की फॅक्ट स्टेटमेंट' मिळालं का? त्यातला एपीआर वाचा, कारण त्यात व्याजासोबत प्रोसेसिंग फीसुद्धा धरलेली असते.
- कॉन्टॅक्ट किंवा गॅलरीची परवानगी मागतंय? कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तशी परवानगी घेता येत नाही. लगेच काढून टाका.

हप्ता चुकणारच असेल तर

फोन बंद करून बसू नका. मी तेच केलं होतं. तारखेच्या आधीच ईमेल करा, कधी किती भरू शकाल ते लिहा, मुदत वाढवून हप्ता कमी होईल का विचारा. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए होतं, त्याआधी बोलणं सोपं असतं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे. त्रास झाला तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालांकडे मोफत तक्रार करता येते.

माझं कार्ड आता कोरं झालंय, शैक्षणिक कर्ज अजून चालू आहे. क्लायंट अजूनही उशिरा पैसे देतात. पण ५ तारखेला पोटात गोळा येत नाही. आज एवढंच करा: फोन काढा आणि त्या यादीतली पहिली ओळ भरा.