उशिरा खुडलेली द्राक्षे आणि वेचलेली मोहफुले : महाड-पोलादपूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
मद्यनिर्मितीचा इतिहास हा भूगोल, व्यापार आणि कायदा यांचाही इतिहास असतो. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर हे तालुके द्राक्षशेतीचा प्रदेश नव्हेत. तरीही उशिरा खुडलेल्या द्राक्षांपासून होणाऱ्या गोड पांढऱ्या वाइनचा विचार येथून केल्यास महाराष्ट्राच्या मद्यविषयक धोरणातील एक विसंगती लक्षात येते. तिचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आयात मालातील द्राक्षमद्य :
इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी येणाऱ्या मालात इटली, लाओडिसिया व अरबस्तान येथील वाइनचा उल्लेख आहे. राजासाठी उंची वाइन आणली जाई, असेही त्यात नमूद आहे. याच ग्रंथातील 'पालैपत्मै' हे बंदर म्हणजे महाडजवळचे पाले असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. येथील गांधारपाले लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालित याचा शिलालेख आहे. येथे वाइन उतरत असे, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. मात्र पश्चिम किनाऱ्यावर द्राक्षमद्य प्रतिष्ठितांचा आयात माल म्हणून आले, हे स्पष्ट होते.

निर्मिती व आस्वाद :
सह्याद्रीपलीकडे नाशिक परिसरात राजीव सामंत यांनी स्थापन केलेल्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढे 'शेनिन ब्लाँ' या मूळच्या फ्रेंच वाणापासून उशिरा खुडणीची गोड वाइनही तेथे तयार होऊ लागली. युरोपात अशी खुडणी शरद ऋतूत होते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी होत असल्याने घड हिवाळ्याअखेरीस पिकतात, आणि 'उशीर' म्हणजे उन्हाळ्याची चाहूल. वेलीवर अधिक काळ राहिलेल्या मण्यांतील पाणी आटते व साखर एकवटते. सर्व साखरेचे मद्यार्क होण्यापूर्वीच रस थंड करून किण्वन थांबवितात. उरलेल्या साखरेमुळे गोडी राहते. ही वाइन थंड करून लहान पेल्यात घोट घोट चाखतात. मध व पिकलेल्या फळांचा गंध येतो. परंतु तिची खरी कसोटी गोडीमागून जाणवणाऱ्या आंबटपणात असते. तो नसल्यास उरतो तो केवळ पाक.

मोहफूल आणि कायदा :
द्राक्षे खुडण्याच्या याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, मोहफुले गळतात. ती वेचून उन्हात वाळविली की त्यांच्यातीलही पाणी आटते व साखर एकवटते. सुक्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. मोहाच्या रसाचे पुढे ऊर्ध्वपातन होते, वाइनचे होत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि मूळ तत्त्व एकच होय.

कायद्याने मात्र दोहोंस वेगळी वागणूक दिली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर १८९२ चा मोहफूल कायदा विशेषतः ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी करण्यात आला. महाड-पोलादपूरचा परिसर याच कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. येथे दारूच नव्हे, तर फुलांचा साठाही निर्बंधाखाली आला. कातकऱ्यांसारख्या आदिवासींना हे फूल अन्न म्हणूनही उपयोगी होते. स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरील नियंत्रण कायम ठेवले. याउलट, २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलती दिल्या. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क योजले गेले. मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने शिथिल केले ते २०२१ मध्ये.

निष्कर्ष :
द्राक्ष उत्पादकास मिळालेले साहाय्य अनुचित होते, असे येथे सुचवायचे नाही. परंतु एकाच नैसर्गिक प्रक्रियेतून होणाऱ्या दोन पेयांपैकी एक 'उद्योग' ठरले आणि दुसऱ्याचा कच्चा मालही शतकाहून अधिक काळ संशयास्पद राहिला. हा फरक केवळ रसायनशास्त्राने स्पष्ट होत नाही. फूल कोण वेचते आणि पेला कोणाच्या हाती असतो, हे प्रश्नही प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे.