पाहुणा आणि पाणी

भारतीय पर्यटनाचा इतिहास आपण बहुधा १९४५ च्या सार्जंट समितीपासून मांडतो आणि परकीय चलनाच्या आकड्यांपाशी आणून सोडतो. पाहुणा म्हणून कोणाला स्वीकारले गेले, हा प्रश्न त्यात येत नाही. ‘माझा प्रवास’ वाचताना आपण १८५७ च्या रणधुमाळीत इतके गुंततो, की वरसईच्या गोडसे भटजींना उत्तरेत आश्रय मिळाला तो मराठी दरबारांच्या आणि भिक्षुकीच्या आधाराने, हे नजरेआड होते. जात हाच त्यांचा परवाना होता.

१९३४ साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. (ना तीर्थयात्रा, ना दक्षिणा, खरेखुरे पर्यटकच ते.) वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदावर त्यांनी हातपाय धुतले आणि पाणी बाटले म्हणून गदारोळ उठला. अखेर आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई सोबत देऊन त्यांना आत सोडण्यात आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील हा प्रसंग प्रवासवर्णन म्हणूनही शिकवला जावा, असे आम्हांस वाटते.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहे व हॉटेलांसोबत विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचाही नामनिर्देश आहे. बहुविध संस्कृतींच्या या देशातील पर्यटनाचा आरंभ आम्ही त्या कलमापासून मोजू.