कचऱ्यातून वीज : जळते काय, आणि पैसे कोण भरते?

१/ घंटागाडीतून रोज जाणाऱ्या कचऱ्याची वीज का करू नये? हिंगोलीसारख्या शहरात हा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा जमाखर्चाच्या इतिहासात अधिक सापडते. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी.

२/ २८ जून १८९७. लंडनच्या शोरडिच भागात विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांच्या हस्ते एका वीजकेंद्राचे उद्घाटन झाले. इंधन होते घरोघरचा कचरा. इमारतीवर लॅटिन ब्रीद कोरले होते. त्याचा अर्थ, ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’.

३/ हे गणित जुळण्यामागे दोन कारणे होती. लंडनच्या घरांत कोळशाच्या शेगड्या असत, त्यामुळे कचऱ्यात अर्धवट जळालेला कोळसा येई. शिवाय तो कचरा नावांतून दूर पाठवण्यावर स्थानिक मंडळाचा खर्च होतच होता. तो वाचला आणि विजेचे पैसेही मिळाले. म्हणजे उत्पन्नाचे मार्ग दोन.

४/ आता दिल्ली, १९८७. तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. सरकारी पैसा होता, यंत्रे नवी होती. तरीही तो जेमतेम तीन आठवडे चालला.

५/ कारण कचऱ्याच्या ढिगातच होते. यंत्राला प्रतिकिलो १,४०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता देणारे इंधन हवे होते. प्रत्यक्षात ६०० ते ७०० मिळाल्या. आपल्या कचऱ्यात भाजीची देठे, खरकटे, माती आणि ओल. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक असे जे चांगले जळते, ते कचरावेचक आणि भंगारवाले आधीच वेचून नेतात. त्यावर त्यांची चूल पेटते.

६/ या अनुभवानंतर अर्थव्यवस्थेची घडी बदलली. स्वच्छ भारत अभियानात (२०१४) घनकचरा प्रकल्पांच्या खर्चापैकी ३५ टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान आले. २०१६ च्या सुधारित वीजदर धोरणाने अशा प्रकल्पांची सगळी वीज विकत घेणे वितरण कंपन्यांना बंधनकारक केले.

७/ पण दर पाहा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये घनकचऱ्यापासूनच्या विजेसाठी ठरवलेला दर युनिटमागे ७.०४ रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे सौरविजेची बोली २.४४ रुपयांपर्यंत उतरली. मधला फरक कोणाला तरी सोसावाच लागतो : वीजग्राहकाला, सरकारला किंवा करदात्याला.

८/ महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पिंपरी-चिंचवडच्या मोशीचे. १ ऑगस्ट २०२३ रोजी उद्घाटन झालेला हा प्रकल्प सुमारे ३०० कोटी रुपयांचा असून वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची योजना आहे. रचना सार्वजनिक-खासगी भागीदारीची. वीज घेणारी महापालिकाच. ग्राहक आधीच ठरलेला असला की कर्ज देणाऱ्याला धीर येतो. उलट मुंबईत देवनारसाठी रोज ३,००० टनांच्या प्रकल्पाची निविदा निघाली, तिला प्रतिसाद मिळाला नाही. अखेर तो ६०० टनांवर आणावा लागला.

९/ आता हिंगोली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार. माणशी रोज ३०० ग्रॅम धरले, तर कचरा पंचवीस टनांच्या आसपास. मोशीला रोज सरासरी ६८५ टन लागतात. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव यांचा कचरा एकत्र केला तरी अंतर भरून निघत नाही, आणि वाहतुकीचे डिझेल वेगळेच.

१०/ २०१६ च्या घनकचरा नियमांतही हीच मर्यादा होती. पुनर्वापर न होणारा आणि प्रतिकिलो १,५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्णता देणारा कचराच ऊर्जेसाठी वापरायचा होता. लहान शहराचा ओला कचरा खतासाठी किंवा छोट्या बायोगॅससाठी अधिक योग्य. त्यासाठी घराघरांत वर्गीकरण हवे. ते कोणतेही कर्ज विकत घेऊन देत नाही.

११/ म्हणून उद्या एखादी कंपनी आपल्या नगरपरिषदेकडे असा प्रस्ताव घेऊन आली, तर तीन प्रश्न विचारावेत. रोज किती कचरा पुरवण्याची हमी मागितली आहे? तो कमी किंवा ओला निघाला, तर दंड कोण भरणार? वीज कोण, किती वर्षे, कोणत्या दराने घेणार? असे करार वीस-वीस वर्षांचे असतात. सही करणारी परिषद तोवर चार वेळा बदललेली असते. घरपट्टी भरणारे मात्र आपणच असतो.