मठातले मद्य

मठ आणि मद्य हे शब्द शेजारी आले की आम्हांला वामाचारच आठवतो. मुकुंदराज-दासोपंतांच्या समाध्यांजवळ, अंबाजोगाईत राहणाऱ्यांना तर अधिकच. वेस्टमाले या बेल्जियन मठाची 9.5 टक्के मद्यार्काची ‘ट्रिपेल’ बिअर चाखली तेव्हा हा समज डळमळला. आधी पिकल्या फळाचा गोडवा, मागाहून रेंगाळणारा कडवटपणा. भिक्षूंनी स्वहस्ते श्रम करून जगावे, हा संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीचा दंडक. वेस्टमालेची बिअर 1836 मध्ये प्रथम भिक्षूंच्याच पंगतीत वाढली गेली. विक्री पुढची, आणि ‘ट्रिपेल’ तर 1934 ची. आमच्या मठांचा योगक्षेम बहुधा इनामांवर आणि भिक्षेवर चालला. श्रमालाच भक्ती मानणारे आमच्याकडेही झाले, तेरचे गोरोबा, अरणचे सावतोबा. पण ते संन्यासी नव्हते, प्रपंची होते.