दोन पत्र्यांमधील पोकळी

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात कलिलांचा, म्हणजे द्रवात न विरघळता तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणांचा, अभ्यास चालत असे, आणि निर्वात पोकळीविषयीचा एक मूलभूत शोध या कारखानदारी प्रश्नातून निघाला. कणांमधील अंतर वाढले की त्यांचे परस्परांवरील आकर्षण भौतिकशास्त्रज्ञ लंडन यांच्या सिद्धांताने सांगितल्यापेक्षा लवकर ओसरते, असे थिओडोर ओव्हरबेक यांना दिसले. विद्युत प्रभावाला एका अणूपासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ यामागे असावा, हा त्यांचा तर्क हेंड्रिक कासिमिर आणि डर्क पोल्डर यांनी गणिताने खरा ठरवला. उत्तर इतके सुटसुटीत आले की कासिमिर यांनी ते नील्स बोर यांच्या कानावर घातले, तेव्हा याचा संबंध शून्यबिंदू ऊर्जेशी असावा, एवढेच बोर यांनी सुचवले.

शून्यबिंदू ऊर्जा म्हणजे सारे द्रव्य आणि उष्णता काढून घेतल्यावरही विद्युतचुंबकीय क्षेत्रात उरणारी, पुंज सिद्धांतानुसार अटळ अशी ऊर्जा. धातूचे दोन विद्युतभाररहित पत्रे समोरासमोर ठेवले, तर मधल्या फटीत ठरावीक लांबीच्याच लहरी मावतात, बाहेर मात्र तसे बंधन नसते, आणि या तफावतीमुळे पत्रे एकमेकांकडे ओढले जातात, हे कासिमिर यांनी मे १९४८ मध्ये डच विज्ञान अकादमीपुढे मांडले. अंतर निम्मे केले की हे बल सोळापट होते; तरीही पत्रे एका मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर, आणले तरी एका चौरस सेंटीमीटरवरील ओढ सुमारे ०.०१३ डाइन, म्हणजे वाळूच्या एका बारीक कणाच्या वजनाइतकीच, भरते.

ती मोजणे किती अवघड होते, हे मार्कुस स्पारनाय यांच्या १९५८ च्या प्रयोगावरून कळते. पृष्ठभागावर बसलेली धूळ, राहून गेलेला विद्युतभार आणि पत्रे तंतोतंत समांतर ठेवण्याची अडचण यांमुळे त्यांच्या मापनातील अनिश्चितता जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेली, आणि निष्कर्ष सिद्धांताशी विसंगत नाहीत, एवढेच त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. या शोधाच्या इतिहासात हा संयम कासिमिर यांच्या गणिताइतकाच मोलाचा मानला पाहिजे. पुढे १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरॉ यांनी आणि १९९८ मध्ये उमर मोहिदीन व अनुश्री रॉय यांनी अचूक मापने केली, पण समांतरतेची अडचण टाळण्यासाठी दोन्ही प्रयोगांत एका सपाट पृष्ठासमोर गोलाकार पृष्ठ ठेवलेले होते. कासिमिर यांनी कल्पिलेल्या दोन समांतर पृष्ठांमधील बल इटलीतील पादोव्हा येथे २००२ मध्ये मोजले गेले, आणि तेही सुमारे पंधरा टक्क्यांच्या अचूकतेने.