खिंडार आणि निष्कर्ष

१८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला. ३ एप्रिल रोजी त्याचे सैन्य दक्षिणेकडील तटाच्या खिंडारातून व शिड्या लावून शहरात शिरले. विष्णुभट गोडसे वरसईकर तेव्हा शहरात होते. ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकाला हा वेढा आतून ठाऊक आहे. शहराच्या याच तटाचा एक दरवाजा म्हणजे दतिया गेट. समजा, झाशी का पडली हे शोधणाऱ्याने केवळ दतिया गेट तपासायचे ठरविले, तर त्याच्या निष्कर्षाचा अर्थ कसा लावावा? मेंदूच्या अभ्यासात हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे उभा आहे.

१८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. ‘तां’ एवढाच उच्चार त्याच्यापाशी उरला होता. डाव्या ललाटखंडातील इजा पाहून ब्रोकांनी वाचेचे स्थान तेथे ठरविले. मेंदू त्यांनी कापला नाही, जतन केला. २००७ मध्ये त्याचे चुंबकीय चित्रण झाले, तेव्हा ती इजा पृष्ठभागाखाली बरीच खोलवर गेलेली आढळली.

आज अनेक रुग्णांच्या इजांचे नकाशे आणि त्यांची लक्षणे एकत्र ताडून पाहतात. २००३ पासून संपूर्ण मेंदूचा सूक्ष्म ठोकळ्यांनुसार शोध घेण्याची रीत रूढ झाली. दुसरी रीत अशी, की विशिष्ट भाग आधी निवडून तेवढ्याचीच परीक्षा करायची. तपासण्या थोड्या असल्याने योगायोगाला सत्य मानण्याचा धोका कमी होतो आणि क्षीण संबंधही दिसू शकतो. परंतु हा लाभ निवड आधी झाली असेल तरच मिळतो. आकडे पाहून निवडलेला भाग स्वतःचीच साक्ष देतो.

संबंध आढळला तरी विवेक सुटू नये. पक्षाघातातील इजा रक्तवाहिन्यांच्या वाटेने पसरते. त्यामुळे शेजारचे भाग बहुधा एकत्रच निकामी होतात. निवडलेला भाग खऱ्या अपराध्याचा केवळ शेजारी असू शकतो. इजा मोठी असेल तर ती कोणत्याही भागाला स्पर्श करण्याचा संभव वाढतो, आणि लक्षणेही तीव्र होतात. म्हणून इजेचे आकारमान हिशेबात घ्यावेच लागते. उलट, संबंध आढळला नाही म्हणून तो भाग निरुपयोगी ठरत नाही. तेथे इजा झालेले रुग्णच मोजके असतील, तर मौनाला अर्थ नसतो.

दतिया गेटच्या त्या काल्पनिक शोधकाला आपल्या दरवाजाविषयी बोलण्याचा अधिकार आहे; उरलेल्या तटाविषयी त्याने काहीच पाहिलेले नाही. वाचा गमावलेल्या माणसाच्या आप्तांना ती परत येईल का, हे सांगताना अशाच निष्कर्षांचा आधार घेतला जातो. म्हणून कोठे पाहिले, तो भाग का निवडला आणि काय पाहायचे राहिले, हे निष्कर्षासोबत सांगणे संशोधकाचे कर्तव्य होय.